सीबीएसजवळचं टायपिंगचं दुकान आणि माझ्या रजेचे हरवलेले २२ दिवस

"मूळ सर्व्हिस बुक आणलं असेल तर आधी ऑफिसात परत ठेवून या, मग बसा." दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या तिथल्या नानांचं हे पहिलं वाक्य, नमस्कार चमत्कार सगळं नंतर. सर्व्हिस बुक म्हणजे सरकारी माणसाच्या नोकरीच्या सगळ्या नोंदींचं पुस्तक. मी म्हटलं नाही हो नाना, दुय्यम प्रत आहे आणि रजेच्या पानांचे झेरॉक्स आहेत, तेव्हा कुठं स्टुलावरची फायलींची चळत खाली ठेवून मला जागा करून दिली.

तर हा रिव्ह्यू त्या दुकानाचा. नाव देत नाही कारण पाटीवर नाव असं नाहीच, नुसतं टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन एवढंच लिहिलंय आणि खाली पेनाने कुणीतरी 'पेन्शन केस' असं वाढवलंय. नाशिकला सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या सिग्नलवरून कोर्टाच्या बाजूला चालत आलं की ॲफिडेव्हिटवाले स्टॅम्पवाले झेरॉक्सवाले यांची रांग लागते, तिच्या मागच्या अंगाला बोळात आहे. दहा बाय आठची खोली असेल. पुढं मुलगा झेरॉक्स मशीनवर आणि मागं खिडकीपाशी नाना. नाना स्वतः सरकारी नोकरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत, सगळी हयात आस्थापना शाखेत गेली, त्यामुळे रजेचे नियम तोंडपाठ.

आता माझं सांगतो. मी १९९२ ला क्लार्क म्हणून लागलो आणि ३१ मे २०२५ ला रिटायर झालो. जन्मतारीख १ जून. हसू नका, आमच्या पिढीत निम्म्या लोकांची १ जूनच आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींना जी तारीख सोपी वाटली ती त्यांनी टाकली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून आमची अख्खी बॅच ३१ मे ला एकदम बाहेर पडते, त्या दिवशी नाशिकात शाल आणि श्रीफळाचा भाव वाढत असणार. वर ज्यांची वेतनवाढ १ जुलैची असते त्यांची ती एका महिन्यानं हुकते. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांना निदान काल्पनिक, म्हणजे पेन्शनच्या हिशोबापुरती, वेतनवाढ देतात, आम्हा ३१ मे वाल्यांना गुरुजींच्या कृपेनं तीही नाही.

असो. मुद्दा असा की ३३ वर्षं दुसऱ्यांची पत्रं आवक जावक केली पण स्वतःच्या सर्व्हिस बुकातलं रजेचं पान एकदाही नीट वाचलं नाही. दरवर्षी शिपाई पुस्तक घेऊन यायचा, साहेब सही करा, मी चहा पिता पिता सही करायचो. दाखवून सही घ्यायची असते म्हणजे आपण बघायचं असतं हे कळत होतं, पण बघितलं कुणी.

जानेवारीत निवृत्तीची फाइल हलायला लागली तेव्हा ऑफिसातून कळलं की अर्जित रजा शिल्लक २६९. मी म्हटलं ठीक आहे, ३०० ला टेकली नाही पण वाईट पण नाही. शेजारचे एक जण म्हणाले, एकदा नानांना दाखवा, ५०० रुपये घेतात पण पान न पान बघतात. म्हटलं बघू, नाहीतर ५०० गेले.

ज्यांना हा रजेचा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, म्हणजे ईएल. ती १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ अशी आगाऊ जमा होते. साठवायची मर्यादा ३०० दिवस, त्याच्या वर गेली की वाया. निवृत्त होताना जी शिल्लक असेल तिचे पैसे मिळतात, शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता भागिले ३० गुणिले दिवस. घरभाडं त्यात नाही. आणि सरकारी माणसाला निवृत्तीच्या वेळच्या या पैशावर इन्कम टॅक्स पण नाही, मेव्हणा अंबडच्या कंपनीत आहे त्याला हे सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण खासगीवाल्यांना मर्यादा आहे. दुसरी अर्धवेतनी रजा, वर्षाला २०, हाफ पे म्हणतात ती. ती अर्ध्या पगाराची, पण डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं की कम्युटेड करून पूर्ण पगारी घेता येते, फक्त मग खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. १० दिवस घेतली तर २० गेले. आपण 'मेडिकल टाकलं' म्हणतो ते बहुतेक हेच. सीएल म्हणजे किरकोळ रजा ८ दिवसांची, ती या हिशोबात येत नाही.

आता नानांची पद्धत बघा, यासाठीच हा रिव्ह्यू लिहायला बसलोय. कॅल्क्युलेटर नाही कॉम्प्युटर नाही. एक लाकडी फूटपट्टी, एक लाल पेन्सिल आणि एक आडवी वही. फूटपट्टी अर्जित रजेच्या पानावर ओळीखाली धरायची, ओळ वाचायची, तारखा वहीत उतरवायच्या, मग तीच फूटपट्टी हाफ पेच्या पानावर, मग आदेशांच्या नोंदीवर. प्रत्येक ओळ जुळली की समोर लाल ठिपका. १९९२ पासून. मी समोर बसून तीन चहा प्यायलो, नाना एक शब्द बोलले नाहीत, मध्ये मुलाने विचारलं ए-फोर संपला काय करू, तर नुसता हात वर केला.

२००९ वर फूटपट्टी थांबली. म्हणाले, "तुम्ही २००९ ला पडला होता का?"

मी उडालोच. म्हटलं हो, इथल्या द्वारका चौकात पावसात स्कूटर घसरली होती, पाय फ्रॅक्चर.

"किती दिवस घरी?"

म्हटलं तीनेक आठवडे, गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत.

"मग एकाच वेळी दोन रजेवर होता तुम्ही." आणि दोन्ही पानं माझ्याकडं फिरवली. अर्जित रजेच्या पानावर ३ ऑगस्ट ते २४ ऑगस्ट २००९, २२ दिवस वजा. हाफ पेच्या पानावर त्याच तारखा, कम्युटेड २२, वजा ४४. दोन्ही नोंदींवर त्याच साहेबांची सही, शाई सुद्धा सारखी.

मग हळूहळू आठवलं. पडलो त्या दिवशी भाच्याकडून ईएलचा अर्ज पाठवला होता. नंतर बरा होऊन गेल्यावर कुणीतरी म्हणालं मेडिकल आहे ना तर ईएल कशाला जाळतो, कम्युटेड करून घे, मग सर्टिफिकेट दिलं, सुधारित आदेश निघाला. नवीन नोंद झाली, जुनी नोंद खोडायची राहून गेली. तेव्हाच्या क्लार्कला दोष देत नाही, चांगला माणूस होता आणि त्याच्या टेबलावर १५० पुस्तकं होती, पण माझे २२ दिवस १५ वर्षं असेच पडून होते आणि दरवर्षी मी त्याच पानाखाली सही करत होतो, हे जास्त लागलं.

पैशात सांगतो म्हणजे कळेल. माझं मूळ वेतन ६०,४००. मे मध्ये महागाई भत्ता ५३ टक्के धरून होता, म्हणजे ३२,०१२. दोन्ही मिळून ९२,४१२, भागिले ३०, एका दिवसाचे ३,०८० रुपये. २२ दिवसांचे ६७ हजार ७०० च्या वर. ५०० रुपये फी. हिशोब तुम्हीच करा.

पण नाना काही जादूगार नाहीत हे पण लिहिलं पाहिजे. त्यांनी चूक काढून दिली, दुरुस्ती ऑफिसलाच करावी लागते, आणि त्याला सुधारित आदेशाची प्रत लागते. नाना म्हणाले आदेश शोधा, आदेश नसेल तर माझ्या लाल ठिपक्याला कुणी विचारणार नाही. दोन दिवस घर उलटंपालटं केलं. शेवटी सौ.ला सापडला, गॅसच्या जुन्या पासबुकाच्या पिशवीत, पोरांच्या लसीकरणाच्या कार्डांबरोबर. कागदाच्या घडीवर भोक पडलेलं पण जावक क्रमांक आणि तारीख शाबूत. मग नानांनी अर्ज टाइप करून दिला, एक पानाचा, त्यात रडगाणं नाही, अमुक आदेश अमुक तारीख, अमुक पानावर दुबार नोंद, सबब २२ दिवस पुनःश्च जमा करून नोंद साक्षांकित व्हावी. मार्चएंडच्या गडबडीत दीड महिना लागला पण झालं. २६९ चे २९१ झाले.

शनिवारी गेलात तर गर्दी सांगता सोय नाही. २०२० च्या फेब्रुवारीअखेर पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हापासून सगळे सरकारी शनिवारीच उगवतात. दिंडोरी, निफाड, सिन्नर, इगतपुरीकडून ग्रामसेवक, नर्सबाई, तलाठी, शिक्षक असे सगळे. शिक्षकांना नाना बाहेरच सांगतात, तुमचं दीर्घ सुट्टीचं खातं, तुमची ईएलची गणितं वेगळी, वेळ लागेल, जेवून या. मी दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा पेठकडची एक आरोग्य सेविका लहान पोराला कडेवर घेऊन आलेली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की बाल संगोपन रजा दोन वर्षांची मिळते. नाना म्हणाले, "ताई, दोन वर्षं म्हणजे ७३० दिवस सेंट्रलवाल्यांना. आपल्याकडं १८०, तेही सगळ्या नोकरीत मिळून, मूल अठराचं होईस्तोवर, मोठ्या दोन मुलांसाठी, आणि वर्षात दोन महिन्यांच्या वर नाही." तिचा चेहरा पडला. मग म्हणाले, "प्रसूतीचे १८० वेगळे, ते यात मोजत नाहीत, तुमच्या ऑफिसनं एकत्र मोजलेत का ते आधी बघू." आणि लागले फूटपट्टी घेऊन. माझी वहिनी देवळाली कॅम्पला सेंट्रलची कर्मचारी आहे, तिने पोराच्या दहावीला आरामात रजा काढली होती तेव्हा आमच्या सौ.चा झालेला जळफळाट मला आठवला. एका शहरात दोन सरकारं म्हटल्यावर असं होणारच.

त्या बाईंकडून पैसे घेतले नाहीत, ते पण बघितलं. माझ्याकडून पूर्ण घेतले.

रजेचा अर्ज लिहून देताना नाना एक ओळ न चुकता टाकतात, 'रजेच्या मागील व पुढील सार्वजनिक सुट्ट्या जोडून घेण्यास परवानगी मिळावी'. सोमवार ते शुक्रवार रजा असेल तर शनिवार रविवार दोन्हीकडचे मोकळे राहतात. पण दोन आठवड्यांची एकसलग टाकली तर मधले शनिवार रविवार रजेत मोजले जातात, हे तरुण पोरांना माहीत नसतं आणि मग म्हणतात माझी रजा कापली. मार्च २०२३ च्या संपातले लोक आले की १४ ते २० मार्चची ओळ ते सगळ्यात आधी काढून बघतात, की पुस्तकात ते दिवस नक्की काय म्हणून पडलेत. कोरी जागा असेल तर म्हणतात आजच लिहून घ्या, रिटायर व्हायच्या वर्षी कोरी जागा फार महाग पडते.

आता तक्रारी. आहेत, भरपूर आहेत.

एक तर वेळ. नाना सांगतील मंगळवारी या, मंगळवारी गेलात की म्हणतील अजून १९९८ लाच आहे. माझ्या पेन्शनच्या फॉर्मचा सेट आठवड्यात देतो म्हणाले, अठरा दिवस लागले. आणि टायपिंग नाना करत नाहीत, पोरगा करतो, त्याचं लक्ष मोबाईलमध्ये. माझ्या बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये शून्याच्या जागी ओ टाकला होता, सौ.चं नाव कुटुंबाच्या तपशिलात एका पानावर माहेरचं आणि एका पानावर सासरचं. मी पान न पान वाचलं म्हणून सापडलं, नाहीतर ती फाइल मुंबईला महालेखापालांकडं जाऊन आक्षेप लागून परत आली असती आणि चार महिने पेन्शन लटकली असती. पोराला दाखवलं तर म्हणतो काका तेवढं पेनानं करा. पेनानं नाही होत रे बाबा. नानांनी ऐकलं आणि पुन्हा फुकट टाइप करून दिलं, पण 'सॉरी' वगैरे शब्द त्या घराण्यात नसावा.

दुसरं, बोलणं. मी जानेवारीत गेलो, मे मध्ये रिटायर. नाना सगळ्यांसमोर म्हणाले, "नियमात दोन वर्षं आधी तयारी सुरू करायची लिहिलंय, हे घरच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आचारी शोधताय." पाच सहा लोक हसले. बरोबर होतं, पण ५०० रुपये देऊन कोण बोलणी खातं.

तिसरं म्हणजे १ नोव्हेंबर २००५ ला किंवा नंतर लागलेल्यांनी, म्हणजे नव्या पेन्शन योजनेवाल्यांनी, पेन्शनसाठी इथं जाऊ नका. रजेच्या हिशोबाला जा, तो जुन्या-नव्या दोघांचा सारखाच आहे. पण एनपीएस, युनिफाइड पेन्शनचा पर्याय द्यायचा की नाही असलं विचारलंत तर नाना खिडकीबाहेर बघतात. आमच्या ऑफिसातला एक पोरगा मोठ्या आशेने गेला होता, त्याला म्हणाले, "तुमचा पैसा बाजारात आहे, माझं शिक्षण पुस्तकातलं." खरं बोलले हे चांगलंच, पण त्याचा अर्धा दिवस सीएल गेली.

मेडिकल बिलाच्या प्रतिपूर्तीची फाइल पण करतात, ७०० घेतात. आमच्या भावजींची केली होती बायपासची. नाना सरकारच्या आकस्मिक आणि गंभीर आजारांच्या यादीत आजार बसतो का तिथून सुरुवात करतात, प्रमाणपत्रं कुठली, बिलांवर डॉक्टरची सही शिक्का कुठं हवा, सिव्हिलला कुठला सेट द्यायचा सगळं क्रमाने लावून, वर अनुक्रमणिका. ते काम मला रजेच्या कामाइतकंच आवडलं. स्वग्राम आणि महाराष्ट्र दर्शनची प्रवास बिलं मात्र करत नाहीत, का विचारलं तर म्हणाले त्यात खोटं फार, माझ्या अक्षरात नको.

रेट : रजेचा हिशोब ५००, अर्ज ५० रुपये पान, पेन्शनचा पूर्ण सेट २,०००, झेरॉक्स २ रुपये. यूपीआय चालतं पण पैसे पोराच्या खात्यात जातात आणि नाना तुमच्यासमोर त्याला विचारतात आले का, किती आले, त्यामुळे सुटे घेऊन गेलेलं बरं. बसायला एकच स्टूल, पंखा आहे पण कागद उडतात म्हणून बंद. बोळात गाडी लावू नका, उचलून नेतात, ठक्कर बाजारच्या बाजूला लावा आणि चालत या. गुरुवारी बंद.

ऑगस्टमध्ये महागाई भत्त्याचा जीआर निघाला, ५३ चे ५५ टक्के, जानेवारी २०२५ पासून. मी पेपरात वाचलं आणि विसरलो. नानांचा फोन आला, मला वाटलं काही पैसे राहिले असतील. म्हणाले, "तुमच्या २९१ दिवसांना पण दोन टक्के फरक लागतो, अर्ज दिला का?" दिला नव्हता. ११ हजार ७०० च्या आसपास होतात. त्या अर्जाचे ५० रुपये मात्र त्यांनी फोनवरच आठवण करून दिले.

चार स्टार देतोय, एक स्टार पोराच्या टायपिंगमुळे कापलाय. नाना वाचणार नाहीत म्हणून बिनधास्त लिहिलंय.

सौ. २०२८ ला रिटायर होतेय, तिची दुय्यम प्रत येत्या शनिवारी घेऊन जाणार आहे. ती म्हणते माझं पुस्तक अगदी चोख आहे, तुमच्यासारखं नाही. काल रात्री सहज उघडलं तर २०१४ चं अर्धं पान कोरं आहे.